सोनं वाळवंटातलं, नाणं गडावरचं

गेल्या दिवाळीनंतर साताऱ्याहून मावसभावाचा फोन आला. “ताई, येताना तिकडचं एक मशीन घेऊन ये की. इकडं एवढं भारी मिळत नाही म्हणतात.” मी पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅलगुर्लीला राहते. भूशास्त्रज्ञ म्हणून सोन्याचे साठे शोधायचं काम करते आणि सुटी मिळाली की स्वतःच्या हौसेसाठी मेटल डिटेक्टर घेऊन वाळवंटात जाते, हे आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मशीन कशाला हवंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, “अगं, गडावर जातोच की आम्ही दर रविवारी.” मी नाही म्हटलं. असं मागणारा तो एकटा नाही. ट्रेकिंगच्या ग्रुपांत, यूट्यूबवर, गावाकडच्या पारावर या मशीनची चर्चा वाढते आहे आणि ती माझ्यापर्यंतही पोचते. म्हणून नकाराचं कारण इथं सविस्तर मांडते.

हा छंद वाईट आहे असं मला मुळीच वाटत नाही. माझ्या किती तरी समाधानाच्या सकाळी या मशीनच्या सोबतीनं गेल्या आहेत. कॅलगुर्ली पर्थपासून सुमारे सहाशे किलोमीटर आत आहे. तिथून उत्तरेला मेन्झीज, लिओनोरा, लॅव्हर्टनच्या दिशेनं निघालं की तांबडी माती, मल्गाची खुरटी झुडपं आणि मधूनच एखादं मिठाचं कोरडं तळं. वर्षाचा पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे शोधाशोध करायची ती इथल्या हिवाळ्यात, एप्रिल ते सप्टेंबर. पहाटे हात गारठतात, अकरापर्यंत जॅकेट निघतं.

मशीन म्हणजे एका दांड्याच्या टोकाला बसवलेली तारेची चकती. तिला कॉइल म्हणतात. तिच्यातून विजेचे बारीक ठोके एकामागून एक जमिनीत सोडले जातात. जमिनीत धातू असेल तर ठोका थांबल्यावरही क्षणभर त्या धातूत वीज फिरत राहते आणि ती कॉइलला कळते. कानातल्या हेडफोनमध्ये एक बारीक सूर सतत चालू असतो. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायची, घाई अजिबात करायची नाही, आणि लक्ष सगळं त्या सुरावर. मोठा खिळा असला तर मशीन ओरडतं. सोन्याचा खडा, ज्याला इथं नगेट म्हणतात, तो लहान आणि खोल असेल तर सूर फक्त किंचित वाकतो. नवख्याला तो ऐकूच येत नाही.

एका सकाळचं सांगते. उताराच्या पायथ्याशी, पांढऱ्या गारगोटीचे तुकडे पसरले होते तिथं सूर वाकला. पायाने वरची खडी बाजूला केली, कॉइल पुन्हा फिरवली. सूर जागेवरच होता. हे महत्त्वाचं, कारण वर पडलेली गोळीची टोपी किंवा पत्र्याचा तुकडा खडीबरोबर सरकतो आणि त्याबरोबर आवाजही सरकतो. छोट्या कुदळीनं वीतभर उकरलं. कुदळीच्या माथ्यावर लोहचुंबक बसवलेला असतो, तो खड्ड्यातून फिरवला. त्याला लोखंडी खड्यांची मिशी चिकटली, पण खड्ड्यातला आवाज कायम. म्हणजे लोखंड नव्हे. मग प्लॅस्टिकच्या डब्यात मूठभर माती घ्यायची, कॉइलवरून फिरवायची. वाजली तर अर्धी दुसऱ्या हातात ओतायची, पुन्हा फिरवायची, पुन्हा अर्धी. शेवटी तळहातावर चिमूटभर तांबडी धूळ उरते आणि तिच्यात काहीतरी अंगाला न शोभेल इतकं जड असतं. थुंकीनं पुसलं तर पिवळा रंग. मुगाच्या दाण्याएवढा, कडा झिजलेला, एका बाजूला गारगोटीचा कण अडकलेला. एक ग्रॅमही भरला नसता. तो हातात घेतला तेव्हा माझ्या आधी त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं, कोणी घडवलं नव्हतं, कोणाच्या अंगावर तो गेलेला नव्हता. या एका गोष्टीवर माझं पुढचं सगळं म्हणणं उभं आहे.

हे सोनं आलं कुठून, हेही थोडं सांगायला हवं. या भागातले खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. जमिनीच्या खोल पोटात गरम पाणी भेगांतून वर चढत होतं, त्यात विरघळलेलं सोनं गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्‌झच्या शिरांत साठत गेलं. एवढ्या पातळ द्रावणातून एवढे मोठे गोळे कसे जमले, हे कोडं बरीच वर्षं होतं. २०२४ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी एक सुंदर शक्यता दाखवून दिली. क्वार्ट्‌झवर दाब दिला की त्यात वीज निर्माण होते, मनगटावरचं घड्याळ त्याच गुणावर चालतं. भूकंपात शिरांवर दाब पडतो, वीज उठते आणि द्रावणातलं सोनं आधी बसलेल्या सोन्याच्या कणावरच येऊन बसतं. असे असंख्य धक्के, आणि दर धक्क्याला थोडी भर. मग वरचा डोंगर ऊनपावसानं झिजत जातो, हलकी माती वाहून किंवा उडून जाते, जड सोनं मागे उरतं. आपल्याकडच्या जांभ्यासारखा लोहयुक्त थर इथंही जागोजागी आहे आणि या तांबड्या खडीत नगेट सापडतात.

१८९२ साली आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना कूलगार्डीला सोनं मिळालं. पुढच्याच वर्षी, जून १८९३ मध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तीन आयरिश माणसांना आजच्या कॅलगुर्लीच्या जागी जमिनीवर सोनं दिसलं आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. पाणी नव्हतं. इतरत्र नदीच्या पाण्यात माती धुऊन सोनं काढतात, इथं लोकांनी खळ्यावर धान्य उपणावं तशी माती वाऱ्यावर उपणली. धूळ उडायची आणि जड दाणे खाली पडायचे. पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागे, विषमज्वरानं माणसं मरत. शेवटी सी. वाय. ओकॉनर या अभियंत्यानं पर्थजवळच्या मंडारिंग धरणापासून पाचशे किलोमीटरहून लांब नळ टाकायची योजना केली. टीका एवढी झाली की १९०२ मध्ये त्यानं आत्महत्या केली. १९०३ च्या जानेवारीत पाणी कॅलगुर्लीला पोचलं. आजही माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला त्या योजनेचं पाणी येतं.

या लोंढ्याला अन्न, अवजारं आणि पाणी कोणी पुरवलं? उंटवाल्यांनी. इथं त्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांच्यात बलुचिस्तान, सिंध, पंजाब या तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या भागांतली माणसं पुष्कळ होती. कूलगार्डीच्या दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. इथल्या वर्तमानपत्रांतून पॅडी हॅननचं नाव दर वर्षी निघतं, या माणसांचं क्वचित. मी कूलगार्डीला गेले की तिथं थांबते.

आता कायद्याकडे येते, कारण खरा फरक तिथंच आहे. १८५४ साली व्हिक्टोरिया प्रांतात बॅलरॅटला खाणकऱ्यांनी बंड केलं. सोनं सापडो न सापडो, परवान्याचे पैसे भरायचे, नसतील तर पोलिसांनी भर रस्त्यात धरायचं, आणि मतदानाचा हक्क मात्र नाही, असा कारभार होता. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्यानं बंड मोडलं, वीसहून अधिक खाणकरी मेले. पण पुढच्याच वर्षी जुलमी परवाना गेला आणि वर्षाला एक पौंडात ‘मायनर्स राइट’ आला, त्याबरोबर मतदानही. त्याच नावाचा कागद पश्चिम ऑस्ट्रेलियात आजही मिळतो. थोडेसे डॉलर भरले की कोणाही सामान्य माणसाला मोकळ्या सरकारी जमिनीवर हातअवजारांनी सोनं शोधता येतं आणि सापडलेलं स्वतःकडे ठेवता येतं. दुसऱ्या कोणाचा खाणपट्टा असेल तर त्याची लेखी संमती लागते. कंपनीला फक्त शोधाचा परवाना दिलेली जमीन असेल तर ठरावीक मुदतीची वेगळी परवानगी काढावी लागते. यंत्रानं खोदायचं नाही. खणलेला खड्डा बुजवायचा.

गरिबाला जमिनीतल्या संपत्तीत थोडा वाटा मिळावा म्हणून रक्त सांडून मिळवलेला हा हक्क आहे आणि मला त्याचं मोल फार वाटतं. रानात भेटणारी बहुतेक माणसं निवृत्त जोडपी असतात. मागे कॅरॅव्हॅन, पुढे गाडी, महिनोन्‌महिने भटकंती. एका म्हाताऱ्या ट्रकचालकानं मला इथली पद्धत शिकवली. कमरेला एक साखळी बांधून तो चालायचा. साखळीची रेघ तांबड्या मातीत उमटते, त्यामुळे कुठली पट्टी तपासून झाली ते कळतं आणि दोन रेघांमध्ये वीतभरही जमीन सुटत नाही. सापडलेले खिळे, शिशाचे छर्रे, डब्यांचे पत्रे तो एका पिशवीत भरून गावी आणायचा, कारण परत कोणी त्याच जागी वाकू नये. खड्डा बुजवल्यावर त्यावर पालापाचोळा ओढायचा. दहा पावलं मागे सरून त्यानं मला विचारलं होतं, “कुठं खणलं, दाखव.” मला दाखवता आलं नाही. तेव्हा तो खूश झाला.

आणि तरीही या रानात सगळीकडे मशीन चालवायची मुभा नाही, असूही नये. ही जमीन वाँगाथा आणि इतर आदिवासी समूहांची आहे, हजारो वर्षांपासूनची. ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांत पाणी साठवणाऱ्या नैसर्गिक कुंड्या असतात. आदिवासी त्यावर दगडी झाकण ठेवून ते पाणी जपत आले. अशा पाण्याच्या आसपास दगडी पाती, घासलेले दगड विखुरलेले दिसतात. ते उचलणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी उचलले नसते. कायदा पुरत नाही हे आम्ही इथं डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२० च्या मे महिन्यात रिओ टिंटो या कंपनीनं पिलबारा भागात लोखंडाच्या खनिजासाठी जुकन घळीतल्या गुहा सुरुंगानं उडवल्या. त्यांत माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांपर्यंतच्या खुणा होत्या. हे सगळं कायद्याच्या परवानगीनं झालं. देशभर संताप उसळला, कंपनीच्या वरिष्ठांना पदं सोडावी लागली. गुहा काही परत आल्या नाहीत.

जुन्या खाणकऱ्यांच्या मुक्कामाच्या जागीही मी मशीन बंद करते. शिशानं सांधलेले डबे, जाड हिरव्या काचेच्या बाटलीचा बूड, चुलीचे तीन दगड असं दिसलं की ती जागा माझी नव्हे. मशीन तिथं सारखं वाजत राहतं, ऐकायला मोह पडेल असं वाजतं. पण ते जे वाजतं ते कोणीतरी मागे ठेवलेलं असतं.

नगेट उचलला तर जमिनीतून फक्त धातू जातो. तो कुठल्या थरात होता, त्याच्या शेजारी काय होतं, हे मला भूशास्त्रज्ञ म्हणून उपयोगाचं आहे. मी ते टिपूनही ठेवते. पण ते हरवलं तरी दुसरा नगेट, दुसरी शीर तेच पुन्हा सांगेल. माणसानं ठेवलेल्या वस्तूचं तसं नसतं. ती कुठे होती, किती खोल होती, उजव्या-डाव्या बाजूला काय होतं, राखेत होती की फरशीखाली, यातलं एकेक म्हणजे पुरावा. वस्तू उचलली आणि खड्डा उकरला की तो पुरावा त्या क्षणी संपतो. दुसरी प्रत कुठेही नसते.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं उदाहरण आपल्या घरचं आहे. १९०६ साली तिथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलानं क्षहरातांचा नायनाट केला असं अभिमानानं सांगते. राजमातेनं केलेली स्तुती म्हणून तिच्यावर कोणी शंका घेऊ शकलं असतं. जोगळटेंभीच्या साठ्यानं ती शंका मिटवली. जिंकलेल्याचा छाप हरलेल्याच्या नाण्यावर उमटलेला हजारोंच्या संख्येनं समोर आला. महाराष्ट्राच्या इतिहासातला एवढा मोठा सत्तापालट एका साठ्यातल्या चांदीनं पक्का केला. हे शक्य झालं ते नाणी एकत्र अभ्यासकांच्या हाती आली म्हणून. दहा-वीस नाणी बाजारात सुटी मिळाली असती तर छाप दिसला असता, पण तेरा हजारांत नऊ हजार हे प्रमाण कधीच कळलं नसतं. वितळवली असती तर काहीच कळलं नसतं.

आता माझ्या मावसभावाला जे मशीन हवं आहे, ते सह्याद्रीत काय शोधेल? आपले बहुतेक गड बसाल्टवर उभे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले, त्यांतून ही डोंगररांग कोरली गेली. या काळ्या खडकात सोन्याचे नगेट मिळत नाहीत. कॅलगुर्लीसारखे जुने खडक हवे असतील तर कर्नाटकात कोलार, हट्टीला जावं लागेल. आपल्याकडे पूर्व विदर्भातल्या जुन्या खडकांत सोन्याच्या खुणा आहेत, पण त्या मशीन फिरवून गोळा करायच्या नव्हेत. रायगडावर, राजगडावर, साल्हेरवर मशीन वाजलं, तर लोहयुक्त दगड सोडून त्याचा अर्थ एकच. तिथं कोणीतरी काहीतरी टाकलं, सांडलं, पुरलं किंवा लढताना गमावलं. शिवराई, तोफेचा गोळा, बाणाचं टोक, कडीचा तुकडा, जोत्याखाली गाडलेलं नाणं. वाळवंटात मी जिथं मशीन बंद करते, ती जागा इथं अख्खा गड आहे.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. असं होताना जगानं पाहिलं आहे. माझ्यासारखीच मशीन, ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीची, आफ्रिकेतल्या सोन्याच्या रानांत हजारोंनी गेली. सुदानमध्ये पोटासाठी लाखो माणसं या धंद्यात उतरली, आणि उपाशी माणसाला मी दोष देणार नाही. पण २०२० साली सुदानच्या पुरातत्त्व खात्याचे लोक खार्टूमच्या उत्तरेला बायुदा वाळवंटात जबल मराघा इथं पोचले, तेव्हा मेरोई काळातली दोन हजार वर्षांपूर्वीची जागा उरलीच नव्हती. सोनं शोधणाऱ्यांनी खोदकामाची मोठी यंत्रं आणून १७ मीटर खोल खंदक खणला होता. का, तर तिथल्या खडकात पायराइट आहे आणि त्यावर मशीन वाजलं, असं खात्याच्या जाणकारांनी सांगितलं. सोनं नव्हतंच. वाजणाऱ्या दगडापायी एक अख्खी वस्ती गेली.

आपल्या दाराशीही हे आलं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्रीच्या अंधारात बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरू लागले. मुघलांचं सोनं सापडतंय अशी अफवा होती. प्रशासनाला धावावं लागलं. त्या रात्रींत काय सापडलं, कुठून सापडलं, कोणत्या थरात होतं, याची नोंद कोण करणार होतं? बुऱ्हाणपूर हे मराठ्यांच्या इतिहासातलं किती मोठं ठाणं, हे त्या चित्रपटानं कोट्यवधी लोकांना सांगितलं, आणि त्याच चित्रपटानंतर तिथली माती विस्कटली गेली. मला याचं फार वाईट वाटतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. बारा किल्ले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आम्ही इथं कॅलगुर्लीत मोजकीच मराठी घरं आहोत, तरी त्या संध्याकाळी एकत्र जमलो, श्रीखंड केलं. पण मानाबरोबर पाहुण्यांची गर्दी वाढते आणि गर्दीबरोबर मशीन येतं. आज ते ऑनलाइन मागवता येतं, कुणी काही विचारत नाही.

कायदे आपल्याकडे नाहीत असं नाही. संरक्षित स्मारकात विनापरवाना खोदणं गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. आणि १८७८ चा भूगत धनाचा जुना कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर शिक्षा आहे. या कायद्याचा पुढचा भाग फार थोड्यांना माहीत असतो. मूळ मालक कोणी नाही असं ठरलं, तर हा कायदा शोधणाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक मालकाचा. सरकारला ती वस्तू स्वतःकडे हवी असेल तर तिच्यातल्या धातूची किंमत आणि वर त्या किमतीचा पाचवा हिस्सा देऊन ती घ्यावी लागते. नांगराच्या फाळाला मडकं लागलेला शेतकरी घाबरून रातोरात सराफाकडे जातो, कारण सरकार सगळं काढून घेईल असं त्याला वाटतं. हे चार ओळींत त्याला कोणी तरी सांगायला हवं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत, ठळक अक्षरांत.

संरक्षित गडावर आणि त्याच्या प्रतिबंधित परिसरात मेटल डिटेक्टर नुसता बाळगण्यावरही बंदी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. खोदताना पकडलं तरच गुन्हा, ही अट पुरेशी नाही. गडावर पहारेकरी दोन, वाटा दहा, आणि चार इंच उकरायला एक मिनिट लागतं. पायथ्याशीच मशीन अडवलं तर काम सोपं होतं. सुरक्षेसाठी पोलीस वापरतात ते हातातलं यंत्र वेगळं आणि जमिनीत खोल शोध घेणारं हे यंत्र वेगळं, हा फरक नियमात नीट लिहिता येतो. विक्रेत्यानं अशा मशीनच्या ग्राहकाची नोंद ठेवावी. अमुक गडावर काय सापडलं, असे व्हिडिओ टाकणाऱ्यांना तर आधी जाब विचारावा, कारण एका व्हिडिओमागे शंभर कुदळी निघतात.

पण नुसत्या बंदीनं मुलांची ओढ संपणार नाही, संपूही नये. जमिनीखाली काय आहे हे पाहायची हौस मला शाळेत असताना अजिंक्यताऱ्यावरच लागली. पावसानंतर वाटेवर खापरं वर आलेली दिसायची. मुख्याध्यापकांनी ती जागच्या जागी ठेवायला लावून आमच्याकडून त्यांची चित्रं काढून घेतली होती, आणि पुढे पुण्याला भूशास्त्र शिकायला गेले ती त्याच ओढीनं. आज तर प्रत्येक पोराच्या खिशात फोन आहे. पावसाळ्यात वाटेवर उघडी पडलेली वस्तू दिसली, तर न हलवता शेजारी मापासाठी पेन ठेवून फोटो काढायचा, फोनवर जागेची नोंद घ्यायची आणि पुरातत्त्व विभागाला पाठवायची, एवढी सोय जरी झाली तरी दर रविवारी गडावर जाणारी हजारो मुलं गडाचे डोळे होतील. पाठवणाऱ्याला पोच मिळाली पाहिजे. वस्तू संग्रहालयात गेली तर तिच्याखाली त्याचं नाव लागलं पाहिजे. गडसंवर्धनाच्या संस्था आज टाकी साफ करतात, बुरुजांवरची झाडं काढतात, दरवाजे बसवतात. स्वखर्चानं, उन्हातान्हात. त्यांच्यातल्या निवडक मुलांना डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेकडून आठ-पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, तर परवानगीच्या उत्खननात माती चाळायला, खापरं धुवायला, नोंदी करायला हात कमी पडणार नाहीत. २०२१ मध्ये रायगडावर रीतसर उत्खननात सोन्याची बांगडी मिळाली. ती कुठल्या चौकात, कुठल्या थरात होती हे कायमचं नोंदलं गेलं. अशा उत्खननात घमेलं उचलायला मिळावं म्हणून मी तरुणपणी वाट्टेल ते केलं असतं.

मावसभावाला मी पुढच्या हिवाळ्यात इकडे बोलावलं आहे. मायनर्स राइट त्याच्या नावानं काढू, लिओनोराच्या पुढे आठ दिवस मुक्काम करू, मशीन त्याच्या हातात देईन. सापडलं तर त्याचं. तोवर गडांच्या पायथ्याशी ‘मेटल डिटेक्टर नेण्यास मनाई’ अशी पाटी लागायला काहीच हरकत नाही. दारू पिऊन गडावर जाण्यास मनाई असल्याच्या पाट्या बऱ्याच ठिकाणी आहेत, त्याच खांबावर खाली जागा असते. साताऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला मी या मागणीचं पत्र पाठवलं आहे. इतर जिल्ह्यांतल्या गडप्रेमींनी आपापल्या जिल्ह्यात पाठवावं.